आधी तुमचा फोन खाली ठेवा

पूर्वपरीक्षेचे गुण हाती आले की घरोघरी एकच कारवाई होते. मोबाईल जप्त. कुणाच्या कपाटात कुलपाआड, कुणाच्या आईच्या पर्समध्ये, कुणाच्या बाबांच्या ऑफिसच्या बॅगेत. दहावीचा मुलगा तोंड पाडून पुस्तक उघडतो आणि आईबाप बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात, हातात स्वतःचा फोन घेऊन.

ही जप्ती चुकीची आहे. तिने पालकांचा राग शांत होतो, अभ्यास होत नाही. दोन-तीन दिवसांत क्लासच्या सरांचा निरोप येतो, ‘नोट्स ग्रुपवर टाकल्या आहेत, सर्वांनी पाहून घ्या’, आणि मोबाईल परत द्यावा लागतो. मग तो तासन्‌तास मुलाच्याच हातात राहतो, नोट्स दहा मिनिटांच्या असल्या तरी. पुन्हा भांडण, पुन्हा जप्ती. राज्य मंडळाची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. जानेवारीचा महिना सर्वांत मोलाचा, आणि तोच या ओढाताणीत जातो.

म्हणून पहिला प्रश्न मोठ्यांना विचारला पाहिजे. अभ्यास मोबाईलमध्ये नेऊन ठेवला कुणी?

मुलांनी नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. २०२१ मध्ये तर दहावी-बारावीची लेखी परीक्षाच झाली नाही. त्या काळात वर्ग मोबाईलवर भरले. ते भरवणाऱ्या शिक्षकांनी अपार कष्ट घेतले, त्यांच्याविषयी आदरच आहे. पण त्याची किंमत पुढच्याच वर्षी दिसली. लिहिण्याचा सराव तुटला आहे हे मान्य करून मंडळाने २०२२ च्या परीक्षेत मोठ्या पेपरांना अर्धा तास आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरांना १५ मिनिटं वाढवून दिली. पडद्यासमोर बसून शिकलेल्या मुलांचा हात कागदावर चालत नाही, हे खुद्द परीक्षा घेणाऱ्यांनी मान्य केलं होतं. एवढी मोठी गोष्ट आपण वर्षभरात विसरून गेलो.

टाळेबंदी उठली, शाळा भरल्या, पण ग्रुप बंद झाले नाहीत. आज दहावीच्या मुलाचं दिवसभराचं काम मोजून पाहा. शाळेचा ग्रुप, वर्गाचा ग्रुप, क्लासचा ग्रुप, प्रत्येक विषयाचा आणखी एक. गृहपाठ तिथे, सूचना तिथे, सराव प्रश्नपत्रिकेची पीडीएफ तिथे, उत्तरपत्रिकेचे फोटो पाठवायचे तिथेच. रात्री दहाला संदेश पडतो की उद्या येताना अमुक प्रकरणाची उत्तरं लिहून आणा. फोन बंद करून झोपलेलं शहाणं पोर दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहतं. मग त्याने काय शिकावं?

शाळांना आणि क्लासचालकांना माझं थेट सांगणं आहे. गृहपाठ फळ्यावर लिहा, मुलांना वहीत उतरवून घेऊ द्या. सराव प्रश्नपत्रिका छापून द्या. एवढी फी घेता त्यात झेरॉक्सचा खर्च नक्की बसतो. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर एकही शैक्षणिक सूचना टाकू नका. मोबाईलचं व्यसन या विषयावर पालकसभा घ्यायची आणि त्याच सभेचे फोटो रात्री मुलांच्या ग्रुपवर टाकायचे, हे बंद करा.

आता घराकडे वळू. पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो: रोज किती तास मोबाईल द्यावा? पंधरा वर्षांच्या मुलासाठी असा तासांचा जादूचा आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मर्यादा सांगितली ती पाच वर्षांखालच्या बाळांसाठी. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मोठ्या मुलांसाठीचा दोन तासांचा जुना सरसकट नियम २०१६ मध्ये सोडून दिला आणि प्रत्येक घराने आपला नियम ठरवावा असं सांगितलं. तास मोजत बसण्यापेक्षा दोन गोष्टी धरा: फोन कधी हातात येतो आणि कुठे असतो.

कुठे, हे आधी. अभ्यास करताना फोन त्या खोलीत असता कामा नये. पालथा नको, सायलेंटवर नको, खिशात नको. युनेस्कोने २०२३ मध्ये शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर जो जागतिक अहवाल काढला, त्यात म्हटलं आहे की अभ्यासाबाहेरच्या गोष्टीकडे एकदा लक्ष गेलं की ते पुन्हा जागेवर यायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. दोन तासांच्या बैठकीत मुलाने चार वेळा फोन पाहिला तर त्या बैठकीत उरलं काय, हे गणित सातवीच्या मुलालाही येईल. तो खरोखर दोन तास बसलेला असतो. पाठ दुखते, डोळे चुरचुरतात, आणि रात्री वाटतं की एवढं करूनही डोक्यात काही राहत नाही. मग तो स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो. या गोष्टीचं मला सर्वांत जास्त दुःख होतं. हुशार, कष्टाळू पोरं तुकड्यातुकड्यांच्या अभ्यासामुळे स्वतःवरचा विश्वास गमावून बसतात, आणि आपण त्यांना आळशी म्हणतो.

‘पण तो मोबाईलवर अभ्यासच करतो’, असं अनेक आया सांगतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना आदल्या आठवड्याबद्दल विचारलं गेलं. ५७ टक्क्यांनी अभ्यासासाठी फोन वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. दोन्ही कामं एकाच यंत्रावर चालतात. विज्ञानाच्या व्हिडिओखाली क्रिकेटचा, त्याखाली कुणाच्या लग्नातल्या नाचाचा. तिथून परत पुस्तकाकडे येणं पंधराव्या वर्षीच काय, पंचेचाळिसाव्या वर्षीही जमत नाही. आपापला अनुभव आठवून पाहा.

आणि व्हिडिओ पाहणं म्हणजे अभ्यास झाला, हा मोठा गैरसमज आहे. शिकवणारा चांगला असेल तर ऐकताना सगळं समजतं. पण समजणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर उतरवता येणं वेगळं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहिणारे पुढे गेले. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो. आपल्याकडच्या जुन्या शिक्षकांना हे प्रयोगाशिवाय माहीत होतं. पुस्तक मिटून उत्तर लिहायला लावणं ही त्यांची रोजची पद्धत होती. ‘२१ अपेक्षित’ उघडून, घड्याळ लावून पेपर सोडवणारी पिढी आज आईबाप झाली आहे. मुलांना त्याच पिढीने ही सवय लावायला हवी, कारण तिला ती ठाऊक आहे.

राज्य मंडळाचा सकाळच्या सत्रातला पेपर अकराला सुरू होतो. भाषेच्या ८० गुणांच्या पेपरला तीन तास आणि २०२३ पासून शेवटी वाढवलेली दहा मिनिटं मिळतात. गणित आणि विज्ञानाचे दोन-दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांचे. हे सगळं पेनाने लिहायचं असतं. वर्षभर बोटाने पडदा सरकवणाऱ्या मुलाची बोटं दुसऱ्या तासाला आखडतात, अक्षर बिघडतं, आणि येत असलेला शेवटचा प्रश्न राहून जातो. क्लासच्या ॲपवर हजार बहुपर्यायी प्रश्न सोडवून हे भरून निघत नाही.

बारावीच्या विज्ञान शाखेचं चित्र निराळं आहे आणि तिथे सरसकट बोलून चालणार नाही. जेईई मुख्य आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा संगणकावरच होतात. सीईटीच्या भौतिक-रसायन-गणित गटाला दीड-दीड तासाचे दोन भाग पडद्यासमोर बसून सोडवायचे असतात. नीट मात्र अजून कागदावर होते. जेईई-सीईटीच्या मुलांना पडद्यावरचा सराव लागतोच, त्यांच्याकडून संगणक काढून घेणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं. पण हा सराव पलंगावर आडवं पडून, पाच इंची मोबाईलवर, मध्येच मित्राच्या संदेशाला उत्तर देत होत नाही. खुर्चीत बसून, संगणकावर, कच्च्या कामाला कागद घेऊन, पूर्ण वेळाची परीक्षा द्यावी. चुकलेली गणितं नंतर वहीत पुन्हा सोडवावी. घरी संगणक नसलेली मुलं हजारोंनी आहेत. कनिष्ठ महाविद्यालयांतल्या संगणक कक्षांना दुपारी कुलूप असतं. प्राचार्यांनी ते कुलूप काढावं आणि सराव परीक्षेसाठी कक्ष मुलांना मोकळा करून द्यावा. यासाठी कुठल्या समितीची गरज नाही.

आता ‘कधी’. सर्वांत मोठं नुकसान रात्री होतं. चौदा ते सतरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. दिवसभरात वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं काम झोपेत होतं. रात्री बारापर्यंत पुस्तक, मग ‘थोडा रिलॅक्स होतो’ म्हणून दीडपर्यंत रील, सकाळी सहाला आईची हाक. साडेचार तासांच्या झोपेवर हे पोर दिवसभर शाळा आणि क्लास करतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, नेमक्या पेपरच्या वेळी, त्याचे डोळे मिटतात. अशा मुलाला पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे: त्याला झोपू द्या. साडेदहाला घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगला लावा, झोपायच्या खोलीबाहेर. गजरासाठी साधं घड्याळ आणा, बाजारात स्वस्तात मिळतं. ‘गजर मोबाईलवर आहे’ हे कारण त्याने संपेल.

‘घरातले सगळे फोन’ हे मी जाणूनबुजून म्हटलं आहे. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. लगेच २३ तारखेच्या रविवारी दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता. किती घरांत त्या दिवशी टीव्ही बंद राहिला? आतल्या खोलीत मुलगी अभ्यास करते आहे आणि बाहेर प्रत्येक चौकाराला आरडाओरडा. संध्याकाळी मालिका, रात्री आजोबांच्या मोबाईलवर मोठ्या आवाजात बातम्यांची क्लिप, जेवताना बाबांचा ऑफिसचा कॉल. या घरात फक्त पंधरा वर्षांच्या मुलाने संयम पाळायचा? हा अन्याय आहे आणि मुलांना तो बरोबर कळतो. आपण सांगतो ते ती ऐकत नाहीत, कारण आपण करतो ते ती रोज पाहतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार कमी बोलली जाते. असरच्याच पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. म्हणजे फोन तिच्या वाट्याला कमी येतो. तिचा वेळ कुठे जातो ते पाहा. परीक्षा दोघांची असली तरी भाऊ पुस्तक घेऊन बसतो आणि ती आधी भांडी घासते, पाणी भरते, धाकट्याला झोपवते. क्लासची पीडीएफ भावाच्या फोनवर येते, तो देईल तेव्हा तिला दिसते. अशा मुलीला स्क्रीन टाइमवर उपदेश करू नका. तिच्या हातातली भांडी काढून घ्या, छापलेले कागद द्या आणि दोन तास तिला कुणी हाक मारणार नाही याची हमी द्या.

जागेचाही विचार केला पाहिजे. ‘फोन दुसऱ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला ज्यांच्याकडे दुसरी खोली आहे त्यांच्यासाठी. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब राहत आलं. तिथल्या पिढ्यांनी जवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गावर, रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला. मुंबई तो रस्ता ‘अभ्यास गल्ली’ म्हणून ओळखते. पुण्यात पेठापेठांत अभ्यासिका आहेत, पण त्या बहुतेक स्पर्धा परीक्षावाल्यांनी भरलेल्या आणि महिन्याचे पैसे मागणाऱ्या. प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक मोठ्या गावात जानेवारी ते मार्च संध्याकाळी एक शाळा उघडी ठेवा. दिवे, पंखे, बाक सगळं तिथे आहेच. दाराशी फोन जमा करा, शिपाई आणि एक शिक्षक बसवा, त्यांना त्याचा मोबदला द्या. नगरसेवक उमेदवारांच्या शुभेच्छांच्या फलकांवर जेवढा खर्च होतो त्यातल्या थोड्याशा पैशात हे होईल.

एका गावाने अशी हिंमत दाखवली आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. टाळेबंदीनंतर मुलं मोबाईल सोडेनात, वर्गात लक्ष देईनात, ही शिक्षकांची तक्रार होती. २०२२ मध्ये गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि साडेआठला पुन्हा वाजेल. या दीड तासात घरातला टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सुरुवातीला लोकांनी खळखळ केली. ग्रामपंचायतीची माणसं, शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघर फिरून समजावत होत्या. नियम सर्वांना होता, सरपंचाच्या घरालाही. त्यात बळ आहे ते या समानतेचं. ही गोष्ट देशभर छापून आली, लोकांनी कौतुक केलं आणि पुढे बहुतेकांनी आपापला रिमोट उचलला. शहरातल्या एखाद्या सोसायटीला, जिची वार्षिक सभा पार्किंगवरून तीन तास चालते, परीक्षेच्या दोन महिन्यांत दीड तासाचा असा ठराव करायला काय हरकत आहे?

मोबाईल घरातून हद्दपार करा असं मी म्हणत नाही. ज्या गावात विज्ञानाचा शिक्षक वर्षभर मिळाला नाही तिथे एखाद्या चांगल्या शिक्षकाचा व्हिडिओ मुलांना तारून नेतो. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे उपयोगी मजकूर आहे. आणि मित्रांशी बोलायचं मुलांना हवंच असतं. आजच्या मुलांचा कट्टा फोनवर आहे, कारण खेळायची मैदानं आपण त्यांना ठेवली नाहीत. तो कट्टा एका फटक्यात तोडला तर मूल एकटं पडतं, आणि परीक्षेच्या तोंडावर एकटं पडलेलं मूल ही सर्वांत मोठी काळजीची गोष्ट आहे. तेव्हा अभ्यास संपल्यावर, जेवणाआधी, ठरलेला अर्धा-पाऊण तास त्याला त्याच्या मनासारखा फोन वापरू द्या. त्या वेळात डोकावू नका, टोमणे मारू नका. वेळ मुलासोबत बसून ठरवा आणि ठरलेला शब्द तुम्हीही पाळा. गुण कमी पडले म्हणून तो अर्धा तास काढून घेऊ नका.

आणि मूल गप्प गप्प असेल, जेवत नसेल, रात्रभर जागत असेल, तर मोबाईलला दोष देऊन मोकळे होऊ नका. त्याच्याशी बोला. तुम्हाला जमत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, फोन मोफत आहे. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

बाकीचं काम या रविवारी सुरू करता येईल. भाषेची एक छापील प्रश्नपत्रिका आणि लिहायला कागद आणा. सकाळी अकराला मुलाला किंवा मुलीला पेपर द्या, घड्याळ समोर ठेवा. घरातले सगळे फोन बंद करून शेजाऱ्यांकडे द्या. दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत टीव्ही नाही, कॉल नाही, हाका नाहीत. तुम्ही त्याच खोलीत, वर्तमानपत्र किंवा पुस्तक वाचत बसा. परीक्षेपर्यंत प्रत्येक रविवारी हे करा.